कॅस्केड पर्वतरांगेतले ज्वालामुखी: उद्रेकांचा इतिहास वाचायला कसं शिकावं

अमेरिकेतला सेंट हेलेन्स पर्वत १८ मे १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी फुटला, हे बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. हा डोंगर लवकरच जागा होईल असं दोन भूशास्त्रज्ञांनी आधीच लिहून ठेवलं होतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ड्वाइट क्रँडल आणि डोनल मलिनॉ यांचा अहवाल अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने १९७८ साली छापला. कॅस्केड रांगेतल्या सगळ्या डोंगरांत पुढचा उद्रेक याचाच होण्याची शक्यता जास्त आहे, आणि तो कदाचित हे शतक संपायच्या आतच होईल, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा डोंगर पूर्ण शांत होता. ना धूर, ना हादरे. वर्षानुवर्षं नद्यांचे काठ आणि रस्त्यांच्या कडा खरवडून या दोघांनी राखेचे थर मोजले होते, एवढंच त्यांचं भांडवल.

ज्वालामुखीचा इतिहास वाचणं म्हणजे हेच काम. त्यासाठी पदवी लागत नाही. पद्धत आणि चिकाटी लागते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने कॅस्केडपासून सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण एवढे वेगवेगळ्या स्वभावाचे आणि इतके बारकाईने अभ्यासलेले ज्वालामुखी एकाच रांगेत क्वचितच भेटतात. मी ज्या क्रमाने जायला सांगतोय तो पुस्तकी क्रम नाही. पण या क्रमाने गेलात तर गोंधळ कमी होतो.

पायरी १: आधी नकाशावर रेघ ओढा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा साधा नकाशा घ्या आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे ठिपके द्या. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मीगर आणि गॅरिबाल्डी. वॉशिंग्टन राज्यात बेकर, ग्लेशियर पीक, रेनियर, सेंट हेलेन्स आणि ॲडम्स. ऑरेगनमध्ये हूड, जेफरसन, थ्री सिस्टर्स, न्यूबेरी आणि क्रेटर लेक. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात मेडिसिन लेक, शास्ता आणि शेवटी लॅसेन. ठिपके जोडलेत की सुमारे ११०० किलोमीटरची, किनाऱ्याला समांतर जाणारी एक माळ दिसते.

ही समांतरताच सगळ्याचं मूळ आहे. किनाऱ्यापासून थोडं आत समुद्राखाली हुआन द फूका नावाचा छोटा भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा एक सरकता तुकडा) वर्षाला साधारण ३ ते ४ सेंटिमीटर वेगाने उत्तर अमेरिकी भूपट्टाखाली सरकतो आहे. समुद्रतळाचा खडक खाली जाताना आपल्याबरोबर खनिजांमध्ये अडकलेलं पाणी नेतो. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर हे पाणी सुटतं, वरच्या तप्त खडकात शिरतं आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणतं. इथे नवखे हमखास चुकतात. खाली गेलेला भूपट्ट स्वतः वितळून लाव्हा होतो असं त्यांना वाटतं. खरं काम पाण्याचं आहे. मिठाने बर्फ लवकर वितळावा तसं ते होतं. याच पाण्यामुळे इथला शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वाफ आणि वायूंनी भरलेला असतो, आणि म्हणूनच तो स्फोटक असतो.

आणखी एक गोष्ट नकाशावरच टिपून ठेवा: रांगेतलं प्रत्येक शिखर ज्वालामुखी नाही. वॉशिंग्टनच्या उत्तर भागातली दातेरी शिखरं फार जुन्या खडकांची आहेत. बेकर आणि ग्लेशियर पीक हे त्या जुन्या पायावर अलीकडे उभे राहिलेले पाहुणे आहेत.

पायरी २: डोंगराची जात ओळखा

ज्वालामुखीच्या वागण्याचा पहिला अंदाज शिलारसातल्या सिलिकावरून, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्यावरून, येतो. सिलिका कमी असेल तर बेसाल्ट. तो पातळ असतो आणि वाहत दूर जातो. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड याच जातीचा, त्यामुळे मराठी वाचकाला तो ओळखीचा आहे. सिलिका वाढत गेली की अँडेसाइट, मग डेसाइट, आणि सर्वात वर ऱ्हायोलाइट. शिलारस जितका घट्ट, तितके वायू आत कोंडून राहतात.

रेनियर, हूड, शास्ता, बेकर हे उंच निमुळते डोंगर लाव्हा आणि राखेच्या थरांवर थर चढून झालेले आहेत. न्यूबेरी आणि मेडिसिन लेक मुख्य रेघेच्या थोडे पूर्वेला आहेत आणि उलट्या ठेवलेल्या ढालीसारखे पसरट आहेत. रस्त्यावरून जाताना ते ज्वालामुखी आहेत हे लक्षातही येत नाही. लॅसेन पीक हा घट्ट लाव्ह्याचा एक प्रचंड घुमट आहे, तर क्रेटर लेक म्हणजे खचलेल्या डोंगराचा खड्डा, अर्थात कॅल्डेरा.

जात ओळखा, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. सेंट हेलेन्सची ख्याती डेसाइटच्या स्फोटांची, तरी त्याच्याच दक्षिण उतारावर एप केव्ह नावाची लांबलचक लाव्हा-गुहा आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वी तिथून पातळ बेसाल्ट वाहिला, वरचा थर थिजला, आतला लाव्हा निघून गेला आणि बोगदा उरला.

पायरी ३: साक्षीदार कोण, ते आधी विचारा

"अमुक साली उद्रेक झाला" असं वाक्य दिसलं की लगेच विचारा: हे कशावरून? उत्तरं साधारण चार प्रकारची असतात आणि चारींचं वजन सारखं नसतं.

राखेचा थर हा सर्वात भरवशाचा साक्षीदार. प्रत्येक उद्रेकाच्या राखेत काचकणांची आणि खनिजांची स्वतःची ठेवण असते, त्यामुळे शेकडो किलोमीटर दूर सापडलेला चिमूटभर थरसुद्धा कोणत्या डोंगराचा हे सांगता येतं. थर कितव्या क्रमांकावर आहे यावरून आधी काय आणि नंतर काय तेही कळतं.

दुसरा साक्षीदार झाड. सेंट हेलेन्सजवळच्या जुन्या झाडांच्या वृक्षवलयांत काही ठिकाणी अचानक वाढ खुंटलेली दिसते. त्यावरून त्याचे दोन मोठे उद्रेक इ. स. १४७९-८० आणि १४८२ च्या सुमारास झाले हे ठरलं. कोलंबस अमेरिकेला पोहोचायच्या आधीच्या, जिथे एकही लेखी नोंद नाही अशा भागातल्या घटनेचं साल एखाद्या वर्षाच्या फरकाने सांगता येतं, याचं मला आजही नवल वाटतं.

तिसरा साक्षीदार माणसाने लिहून ठेवलेली नोंद. वाचताना ती सर्वात पक्की वाटते, आणि नेमकी इथेच फसगत होते. शास्ताचा शेवटचा उद्रेक १७८६ साली झाला असं कित्येक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. आधार काय, तर ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीच्या जहाजावरून दिसलेला धूर. पण त्या काळाचे थर शास्तावर सापडत नाहीत. आज त्याचा शेवटचा उद्रेक सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचा मानतात. लॅसेनजवळच्या सिंडर कोनचंही तसंच. १८५० च्या आसपास तो पेटला होता अशा बातम्या होत्या, प्रत्यक्षात वृक्षवलयांनी आणि खडकांनी त्याचं वय सतराव्या शतकाच्या मध्यात नेऊन ठेवलं. समुद्रावरून दिसलेला धूर वणव्याचाही असू शकतो.

चौथा साक्षीदार म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथा. या कथांना दंतकथा म्हणून बाजूला सारू नका. क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा स्वामी लाव आणि आकाशाचा स्वामी स्केल यांचं युद्ध होतं, जळते दगड उडतात आणि शेवटी लावचा डोंगर त्याच्यासकट कोसळतो. ही क्रेटर लेकची कथा आहे. भूशास्त्र जे सांगतं त्याच्याशी तिचा शेवट तंतोतंत जुळतो. उद्रेकाच्या आधीपासून तिथे माणसं होती याचा भौतिक पुरावाही आहे: १९३८ साली पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांना ऑरेगनमधल्या फोर्ट रॉक गुहेत सेज नावाच्या झुडपाच्या सालीपासून विणलेल्या चपला सापडल्या, त्या याच उद्रेकाच्या राखेखाली. आधी माणूस राहून गेला, मग राख पडली.

पायरी ४: सालांचा हिशोब नीट शिका

नवख्याला सर्वात जास्त वैताग इथे येतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

एकाच उद्रेकाची तुम्हाला दोन वयं दिसतील. क्रेटर लेक घडवणारा उद्रेक जुन्या पुस्तकांत सुमारे ६८५० वर्षांपूर्वीचा, तर नव्यांत ७७०० वर्षांपूर्वीचा. दोन्ही आकडे एकाच जळक्या लाकडाच्या मोजणीतून आलेले असू शकतात. मेलेल्या लाकडातल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण दर ५७३० वर्षांनी निम्मं होतं, हे त्या मोजणीचं तत्त्व. पण हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सर्व काळ सारखं नव्हतं. त्यामुळे कच्चं "कार्बन-वय" वृक्षवलयांच्या तक्त्याशी ताडून खऱ्या वर्षांत बदलावं लागतं. पहिला आकडा कच्चा, दुसरा ताडलेला. वाचताना लेखकाने कोणता वापरलाय ते आधी शोधा. दोन वेगळ्या लेखांतले आकडे न तपासता शेजारी मांडलेत तर नसलेला उद्रेक जन्माला घालाल.

"वर्तमानापूर्वी" असं लिहिलेलं असेल तर त्या पद्धतीत वर्तमान म्हणजे १९५० साल. आणि साधारण ५० हजार वर्षांपलीकडे कार्बन मुका होतो. तिथून पुढे खडकातल्या आरगॉन वायूवरून वय काढतात.

उरला सरासरीचा सापळा. गेल्या ४००० वर्षांत कॅस्केड रांगेत शतकाला सरासरी एक ते दोन उद्रेक झाले. हा आकडा संपूर्ण रांगेचा आहे, एका डोंगराचा नाही. शिवाय ज्वालामुखी घड्याळ लावून बसत नाहीत. त्यांचे उद्रेक झुबक्यांनी येतात. काही दशकं धामधूम, मग शतकानुशतकं शांतता. "याची वेळ भरत आलीय" असं कुणी म्हणालं तर त्यामागे शास्त्र नाही.

उद्रेकाच्या आकारासाठी ० ते ८ असा स्फोटकता निर्देशांक वापरतात. एक पायरी वर म्हणजे बाहेर पडलेला माल साधारण दहापट. सेंट हेलेन्सचा १९८० चा उद्रेक ५, क्रेटर लेकचा ७.

पायरी ५: पहिला धडा सेंट हेलेन्सचाच घ्या

या एका डोंगरावर महिनाभर दिलात तरी वाया जाणार नाही. त्याचं १९८० पूर्वीचं रूप इतकं घाटदार आणि गुळगुळीत होतं, की त्यावरूनच तो तरुण आहे हे कळत होतं: हिमनद्यांना त्याला कोरायला वेळच मिळाला नव्हता. डोळ्यांना दिसणारा बहुतेक सुळका गेल्या अडीच-तीन हजार वर्षांतला. गेल्या ४००० वर्षांत रांगेतला सर्वात चळवळ्या डोंगर हाच. १८०० साली मोठा स्फोट झाला, पुढे १८५७ पर्यंत अधूनमधून धुसफुस चालू राहिली. चित्रकार पॉल केन यांनी १८४७ साली तो पाहून चित्रात रेखाटला. नंतर १२३ वर्षं शांतता.

२० मार्च १९८० रोजी ४.२ तीव्रतेचा भूकंप झाला. २७ मार्चला वाफेचा पहिला स्फोट. त्यानंतर जे घडलं ते पुस्तकात नव्हतं: डोंगराची उत्तरेकडची बाजू फुगायला लागली, दिवसाला दीड-दोन मीटर या वेगाने. शिलारस वर येत होता, पण तोंडातून बाहेर न पडता कुशीत साचत होता.

१८ मेच्या सकाळी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती फुगलेली कूस सुटली. सुमारे अडीच घन किलोमीटर डोंगर एकदम घसरला. नोंदलेल्या इतिहासातलं हे सर्वात मोठं भूस्खलन. वरचं ओझं अचानक निघून गेल्यावर आतल्या वायूंनी फुटायला वाट शोधली ती वर नव्हे, आडवी. तो आडवा स्फोट सुमारे ६०० चौरस किलोमीटरवरची झाडं आडवी करत गेला. मागोमाग राखेचा खांब २४ किलोमीटरवर पोहोचला. सुळक्याची उंची २९५० मीटरवरून २५४९ वर आली. ५७ माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक बंदी घातलेल्या क्षेत्राबाहेर होती. डोंगरापासून सुमारे १० किलोमीटरवरच्या कड्यावर निरीक्षणाला बसलेले भूशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन त्यांच्यापैकी एक. ते ३० वर्षांचे होते. लोकांना डोंगरापासून लांब ठेवा असं ठामपणे म्हणणाऱ्यांत ते होते, हे विसरू नये.

इतिहास वाचणाऱ्याने इथून एक गोष्ट घ्यायची: क्रँडल आणि मलिनॉ यांना डोंगर बरोबर कळला होता, काळही जवळपास बरोबर कळला होता. आडव्या स्फोटाचा हा पल्ला मात्र कुणाच्या हिशोबात नव्हता. जुने थर काय होऊ शकतं ते सांगतात. जे थरांत टिकत नाही त्याबद्दल ते गप्प राहतात.

पुढे १९८६ पर्यंत विवरात लाव्ह्याचा घुमट टप्प्याटप्प्याने वाढला, आणि यातले जवळजवळ सगळे टप्पे आधी ओळखता आले. २००४ ते २००८ मध्ये पुन्हा नवा घुमट उभा राहिला. १९८० चा एक दिवस वाचून थांबलात तर या डोंगराची अर्धीच ओळख होईल. विध्वंस तो मिनिटांत करतो आणि दुरुस्ती वर्षानुवर्षं करत बसतो.

पायरी ६: शिखर सोडा, नदीने खाली उतरा

रेनियर ४३९२ मीटर उंच आहे, रांगेत सर्वात उंच. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक सुमारे १००० वर्षांपूर्वीचा. तरीही अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या २०१८ च्या धोका-यादीत तो तिसरा आहे, हवाईचा किलाउएआ आणि सेंट हेलेन्स यांच्या पाठोपाठ. उद्रेकांची यादी पाहून हे कोडं सुटत नाही. नद्यांच्या खोऱ्यांत उतरावं लागतं.

रेनियरवर जवळजवळ बाकीच्या सगळ्या कॅस्केड ज्वालामुखींच्या एकत्रित बर्फाइतका बर्फ आहे. आतल्या आम्लयुक्त वाफेने त्याचा खडक जागोजागी कुजून चिकणमातीसारखा झालाय. उष्ण राख बर्फावर पडली किंवा कुजका कडा सुटला, की पाणी, माती आणि दगड यांचा ओल्या सिमेंटसारखा लोंढा खोऱ्यातून धावत सुटतो. याला लहार म्हणतात. शब्द इंडोनेशियातल्या जावाचा. सुमारे ५६०० वर्षांपूर्वी शिखराचा मोठा भाग ढासळला आणि ऑसिओला नावाने ओळखला जाणारा लहार प्यूजेट साउंडच्या खाडीपर्यंत पोहोचला. आज त्या मातीवर गावं वसलेली आहेत. सुमारे ५०० वर्षांपूर्वीचा इलेक्ट्रॉन लहार तर अधिक अस्वस्थ करणारा: त्याच्या वेळी कुठलाही उद्रेक झाल्याची खूण सापडत नाही. ऑर्टिंग गावात बांधकामासाठी खणताना त्या लोंढ्यात गाडले गेलेले जुने वृक्षांचे बुंधे निघतात. अशा लोंढ्याला तिथे पोहोचायला एक तासही लागणार नाही, म्हणूनच १९९८ पासून खोऱ्यात जमिनीची थरथर ओळखणारी यंत्रं आणि भोंगे बसवले आहेत, आणि शाळेतली मुलं उंच जागेकडे चालत जायचा सराव करतात.

हूडचा इतिहासही नदीतच सापडतो. १८०५ च्या नोव्हेंबरमध्ये लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांची तुकडी कोलंबिया नदीने जाताना एका उपनदीच्या मुखाशी थांबली. ती नदी उथळ, पसरलेली आणि रुतवणाऱ्या वाळूने भरलेली होती, म्हणून त्यांनी तिला क्विकसँड, म्हणजे रुतणारी वाळू, असं नाव दिलं. आज तीच सँडी नदी. वाळू का होती हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. १७८० आणि १७९० च्या दशकांत हूडवर घुमट वाढून कोसळत होता आणि ती राखवाळू नदीने मुखापर्यंत आणून टाकली होती. उद्रेक थोडक्यात हुकला, पण त्याचा पुरावा त्यांनी रोजनिशीत उतरवून ठेवला.

तेव्हा कोणत्याही डोंगराचा इतिहास वाचताना त्यावरून निघणाऱ्या नद्यांची नावं आधी लिहा. माझ्या मते ही सवय उद्रेकांच्या सगळ्या सनावळ्यांपेक्षा मोलाची आहे.

पायरी ७: जो डोंगर उरला नाही त्याचा इतिहास

क्रेटर लेकच्या काठावर उभं राहिल्यावर समोर निळं पाणी दिसतं, ५९४ मीटर खोल, अमेरिकेतलं सर्वात खोल तळं. त्या पोकळीत एकेकाळी माझामा नावाचा डोंगर उभा होता. ७७०० वर्षांपूर्वी त्यातून सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला, खालची कोठी रिकामी झाली, आणि आधार गेल्यावर डोंगर स्वतःच्याच पोटात खचला. साधारण ८ बाय १० किलोमीटरचा खड्डा उरला, आणि पावसाच्या व बर्फाच्या पाण्याने तो काही शतकांत भरला. तळ्यातलं विझर्ड आयलंड हे खचल्यानंतर उगवलेलं शंकूच्या आकाराचं टेकाड आहे.

माझामाची राख कॅनडापर्यंत मिळते, आणि ग्रीनलंडच्या बर्फातही तिचे कण सापडलेत. त्यामुळे वायव्य अमेरिकेत कुठेही खोदकाम करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला ती हवी असते: राखेच्या वर सापडलं तर ७७०० वर्षांपेक्षा नवं, खाली सापडलं तर जुनं. फोर्ट रॉकच्या चपला आठवा.

पायरी ८: दक्षिण टोक

लॅसेनचा विसाव्या शतकातला उद्रेक ३० मे १९१४ रोजी वाफेच्या स्फोटाने सुरू झाला. पुढच्या वर्षभरात असे १८० हून अधिक स्फोट झाले, आणि २२ मे १९१५ ला मुख्य स्फोट. बी. एफ. लूमिस या स्थानिक माणसाने काढलेली छायाचित्रं आजही अभ्यासाला वापरतात. क्रमाने पाहिलीत तर वाफेचा उद्रेक शिलारसाच्या उद्रेकात कसा बदलतो ते कळतं. १९१६ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. विसाव्या शतकात अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेत उद्रेक झाले ते फक्त लॅसेन आणि सेंट हेलेन्सचे.

शेजारच्या मेडिसिन लेकवर सुमारे ९५० वर्षांपूर्वी ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखी काचेचा, प्रवाह वाहिला. ऑरेगनमधल्या न्यूबेरीवरचा तसाच प्रवाह सुमारे १३०० वर्षांपूर्वीचा.

पायरी ९: जे झालं नाही, तेही नोंदवा

मार्च १९७५ मध्ये बेकरच्या शर्मन विवरातून अचानक जास्त वाफ निघायला लागली. बर्फ वितळला, खबरदारी म्हणून खालच्या जलाशयाची पातळी उतरवली, आणि मग काहीच झालं नाही. साउथ सिस्टरच्या पश्चिमेला जमीन वर उचलली जात असल्याचं उपग्रहांच्या रडार-प्रतिमांवरून २००१ साली लक्षात आलं. तिथेही उद्रेक झाला नाही. शिलारस खोल कुठेतरी सरकतो, थबकतो आणि तिथेच थंड होतो, असं अनेकदा घडतं. हे न घडलेले उद्रेक वहीत नसतील, तर पुढच्या वेळी वाफेचा एक फोटो पाहून तुम्ही घाबराल.

पायरी १०: वही कशी ठेवायची

प्रत्येक डोंगराला एक पान. वर नाव, उंची, खडकाची जात, निघणाऱ्या नद्या. खाली उद्रेक, अलीकडच्यापासून जुन्याकडे: साल किंवा वय, ते ताडलेलं आहे की कच्चं, पुरावा कोणता, काय बाहेर पडलं आणि ते किती दूर गेलं. "पुरावा" हा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद पेन्सिलने लिहा.

आकडे ताडायला दोन ठिकाणं पुरेशी आहेत. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या कॅस्केड्स ज्वालामुखी वेधशाळेची प्रत्येक डोंगरावरची माहिती, आणि स्मिथसोनियन संस्थेच्या जागतिक ज्वालामुखी प्रकल्पाची यादी. कॅलिफोर्नियातल्या डोंगरांसाठी वेगळी वेधशाळा आहे.

वेधशाळेची सूचना वाचताना दोन पट्ट्या दिसतील. जमिनीवरच्या लोकांसाठी नॉर्मल, ॲडव्हायझरी, वॉच, वॉर्निंग; विमानांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. नॉर्मल म्हणजे मेलेला नव्हे. नेहमीसारखं वागणारा, एवढंच. त्यात अधूनमधून होणारे छोटे भूकंपही आले.

पायरी ११: थर प्रत्यक्ष पाहा

जमलं तर जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान जा. बाकीच्या काळात उंचावरचे रस्ते बर्फाने बंद असतात. निघण्याआधी रस्ता उघडा आहे का ते बघाच, कारण सेंट हेलेन्सच्या भागात दरडींनी रस्ते तुटतात. त्याच्या ईशान्येच्या विंडी रिजवरून आडव्या स्फोटाची दिशा डोळ्यांना कळते: झाडांचे ओंडके अजून एकाच बाजूला डोकं करून पडलेले आहेत. क्रेटर लेकच्या आग्नेयेला पिनॅकल्स नावाचे राखेचे सुळके आहेत. गरम राखेतून वाफ जिथून निघाली तिथे राख घट्ट झाली, बाकीची झिजून गेली. हूडवर टिंबरलाइन लॉज ज्या सपाट उतारावर उभं आहे, तो उतार म्हणजे सुमारे १५०० वर्षांपूर्वी वारंवार कोसळलेल्या घुमटाचा ढिगारा. वर क्रेटर रॉकजवळच्या वाफेच्या भोकांपाशी बर्फातल्या खळग्यांत उतरू नका. तिथे विषारी वायू साचतो. राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलून आणायला मनाई आहे, त्यामुळे भिंग आणि कॅमेरा न्या, पिशवी नको.

परतताना सँडी नदीच्या मुखाशी थांबा. तिथे काठावरची वाळू मूठभर हातात घेऊन भिंगाखाली धरा. करडे, टोकदार, नदीने अजून पुरते न झिजवलेले कण दिसले, तर ते हूडच्या कोसळलेल्या घुमटांचे. त्यांतले काही त्याच वाळूचे असतील, जी लुईस आणि क्लार्क यांनी पायाखाली रुतताना पाहिली होती. वहीतल्या हूडच्या पानावर "पुरावा" या रकान्यात तिथेच उभ्या उभ्या लिहा: स्वतः पाहिलं.